स्क्रीनवर एक, कागदावर भलतंच: रिपोर्टची दोन्ही रूपं सारखी कशी ठेवता?

शिरोलीनाका | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं चार जणांचं ऑफिस आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे क्वालिटी रिपोर्ट वेबवर आणायचं काम वर्षभर चाललंय. हीट नंबर (भट्टीच्या एका ओतीचा क्रमांक), स्पेक्ट्रोचे आकडे (कुठलं मूलद्रव्य किती), हार्डनेस, नोड्युलॅरिटी (ग्रॅफाइटचे गोळे किती झाले ते) आणि शेवटी टेस्ट सर्टिफिकेट. स्क्रीनवर एकदम झकास. भानगड सगळी कागदाची आहे.

सर्टिफिकेटचा कागद मालाच्या ट्रकबरोबर जातो. गेल्या महिन्यात एसजी आयर्नच्या (गोल ग्रॅफाइटच्या बिडाच्या) एका लॉटबरोबर जो कागद गेला, त्यावर मॅग्नेशियमचा कॉलमच नव्हता. एसजीच्या सर्टिफिकेटवर मॅग्नेशियम नाही म्हणजे मिसळीला कट नाही. ग्रॅफाइटचे गोळे होतात ते त्याच्याच जिवावर. गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरचा फोन आला, "ग्रे आयर्न, साधं बीड पाठवलंय काय ओ?" झालं असं होतं की कॉलम आम्ही जानेवारीत वेबवर वाढवला. प्रिंटचा साचा वेगळा, दुसऱ्या पोरानं लिहिलेला, तिथं घालायचा राहिला. डेटाबेसमध्ये आकडा आहे, स्क्रीनवर आहे, कागदावर नाही.

ते निस्तरतोय तोवर दुसरं. मर्यादेबाहेरचा आकडा आम्ही लाल चौकटीत दाखवतो. शिफ्टमधल्या एकानं सर्टिफिकेटचं बटण सोडून सरळ कंट्रोल-पी मारलं. लाल रंग गायब! हार्डनेस जास्त आलेला नग बाकीच्यांच्या रांगेत साळसूदपणे बसलेला.

मालकांचं एकच म्हणणं: "स्क्रीनवर दिसतंय तेच्या तेच कागदावर पाहिजे." तुम्ही काय करता? दोन साचे ठेवता की एकच?

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ११.१५

भावा, दोन साचे केलास तिथंच घोळ झाला. आज मॅग्नेशियम राहिलं, उद्या कंपनीचा पत्ता बदलेल आणि एका ठिकाणी जुनाच राहील. साचा एकच ठेव, एचटीएमएलचा. स्क्रीनसाठी एक सीएसएस (दिसण्याचे नियम) आणि कागदापुरते फरक "@मीडिया प्रिंट"मध्ये. कॉलमची यादीसुद्धा एकाच फाइलीत, दोघांनी तिथूनच उचलायची.

लाल रंगाचं सांगतो. ब्राउझर प्रिंट काढताना पार्श्वभूमीचे रंग आपणहून टाकून देतो, शाई वाचावी म्हणून. त्या चौकटीला "प्रिंट-कलर-ॲडजस्ट: एक्झॅक्ट" लाव, मग रंग येईल. पपेटिअरनं (पडद्यामागून क्रोम चालवणाऱ्या साधनानं) सर्व्हरवर पीडीएफ करत असशील तर त्यातला "प्रिंटबॅकग्राउंड" हा पर्यायही मुळात बंद असतो, तो चालू कर. आणि हो, पपेटिअरला कागद सांगितला नाहीस तर तो अमेरिकेतला लेटर धरतो. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर २१६ बाय २७९. उंचीत १८ मिलिमीटरची तूट. तुझ्या शेवटच्या दोन ओळी आणि सही पुढच्या पानावर गेली की समज.

उपनगरी_पुणेकर | मंगळवार, सकाळी ९.०५

एवढा काथ्याकूट कशाला? एचटीएमएलटूकॅनव्हासनं स्क्रीनचं चित्र घ्या आणि जेएसपीडीएफमध्ये चिकटवा. मालकांना "तेच्या तेच" हवंय ना? मिळेल. दोन ओळींचं काम आहे.

तांबडा_पांढरा | मंगळवार, सकाळी ९.२०

दोन ओळींचं काम आणि दोन वर्षांचं दुखणं. पुणेकर, ते चित्र आहे. त्यात हीट नंबर शोधता येत नाही, कॉपी होत नाही. लेझर प्रिंटरवर अक्षरांच्या कडा फाटक्या दिसतात. आणि पान संपतं तिथं चित्र सुरीनं कापल्यासारखं तुटतं, अर्धा आकडा या पानावर, अर्धा पुढच्या.

चित्र नको म्हणून जेएसपीडीएफमध्ये मराठी मजकूरच थेट लिहायला गेलात तर आणखी मजा. देवनागरीची जोडणी त्याला जमत नाही. "शिरोली"ची वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन "शरिोली" होतं, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त दिसायला लागतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते काम हार्फबझ करतं, म्हणून तिथं नीट दिसतं. पीएचपीवाल्यांना एमपीडीएफमध्ये ओपनटाइपची सोय चालू करून भागवता येतं. पायथनवाल्यांना वीझीप्रिंट चालतं, ते पँगो वापरतं.

उपनगरी_पुणेकर | मंगळवार, सकाळी ९.३१

बरं बरं. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असतात, त्यामुळं हे लक्षात आलं नव्हतं. कापलेल्या ओळींचं मात्र खरं आहे, ते मी पण भोगलंय.

अडत_दुकान | मंगळवार, दुपारी १.५०

मी काही प्रोग्रामर नाही. शाहूपुरीत गुळाची अडत आहे, शेतकऱ्याची पट्टी कॉम्प्युटरवर निघते. रवे, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई वजा जाऊन निव्वळ रक्कम. पूर्वी डॉट मॅट्रिक्सवर कार्बन लावून निघायची, ८० अक्षरांची ओळ. तिथं स्क्रीन आणि कागद सारखेच असायचे, कारण स्क्रीनवरही ८० च अक्षरं! २०१९ च्या पुरात जुन्या फायली भिजून गेल्या, तेव्हापासून सगळं वेबवर घेतलं.

आमची गंमत ऐका. दिवसाचं रजिस्टर तीन पानांचं झालं. नव्या सॉफ्टवेअरनं तिन्ही पानांच्या तळाला टोटल छापली. दिवाणजी जुन्या वळणाचे. त्यांनी समजून घेतलं की प्रत्येक पानाची टोटल वेगळी, आणि तिन्हींची बेरीज मारली. दिवसाची उलाढाल तिप्पट! संध्याकाळी गल्ला जुळेना म्हणून दोन तास बसलो. बघतोय तर तिन्ही पानांवर एकच आकडा, शेवटची एकूण बेरीज. स्क्रीनवर ती एकदाच दिसते, तळाला.

तांबडा_पांढरा | मंगळवार, दुपारी २.१०

दादा, तुमच्या प्रोग्रामरनं टोटल "टीफूट"मध्ये, म्हणजे टेबलाच्या तळाच्या भागात घातलीय. स्क्रीनवर टीफूट एकदाच येतो, पण छापताना ब्राउझर तो दर पानाच्या तळाला पुन्हा काढतो, जसा "टीहेड" दर पानाच्या वर येतो. शेवटची बेरीज टीबॉडीतली (टेबलाच्या मुख्य भागातली) शेवटची ओळ करायला सांगा, एका मिनिटाचं काम. टीहेड मात्र टीहेडमध्येच राहू दे, नाहीतर दुसऱ्या पानावर कुठला कॉलम कशाचा ते कळायचं नाही.

खिळेजुळारी | मंगळवार, रात्री ८.३०

दिवाणजींची चूक नाही. त्यांनी कागद बरोबर वाचला, कागद चुकीचा लिहिला होता.

माझं आयुष्य महाद्वार रोडमागच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं, नंतर ऑफसेट आलं. वेबमधलं मला कळत नाही, नातवाच्या मदतीनं हा धागा वाचतोय. पण तुम्हा पोरांचं एक चुकतंय असं वाटतं. तुम्ही स्क्रीन आधी करता आणि मग ती कागदात कोंबता. आमच्याकडे पहिला प्रश्न कागदाचा असायचा. डेमी की क्राउन, समास किती, शिवण कुठं. मग मजकूर. स्क्रीन लांबवता येते, सरकवता येते. कागद जेवढा आहे तेवढाच. ज्याला हद्द आहे त्याचं माप आधी घ्यावं.

हिशोबाची वही बघा. पानाच्या तळाला त्या पानाची बेरीज आणि "पुढे नेले". पुढच्या पानाच्या डोक्यावर "मागून आणले". ही रीत सुटं पान हरवलं, पानं उलटसुलट झाली तरी हिशोब सापडावा म्हणून आलेली आहे. स्क्रीनला तिची गरज नाही, कागदाला आहे. मग दोन्ही "तेच्या तेच" कसे असतील?

शिरोलीनाका | मंगळवार, रात्री ९.१०

काका, हे मालकांना कसं पटवू? त्यांना दोन्ही शेजारी ठेवून सारखं दिसायला हवंय.

कास्टिंगवाली | मंगळवार, रात्री ९.४५

मी पटवते. मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत क्वालिटी बघते, असे कागद रोज सही करून सोडते.

तुमच्या लाल चौकटीचं बघा. तांबडा_पांढरा म्हणतात तसा रंग कागदावर आणला, ठीक. पण ऑफिसात प्रिंटर काळा-पांढरा. लाल तिथं राखाडी होतो. मग त्या कागदाची गिऱ्हाईक झेरॉक्स काढतो, झेरॉक्सची झेरॉक्स फाइलला लागते. तिसऱ्या पिढीत राखाडी चौकट म्हणजे नुसता डाग, आणि आतला आकडा वाचता येत नाही. आमच्याकडे एक नग या डागापायीच परत आला होता. म्हणून मी आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं, रंग ठेवायचा तर ठेव, पण आकड्याच्या शेजारी शब्द लिही: "जास्त" किंवा "कमी". तो शब्द स्क्रीनवरही आणि कागदावरही. आता फोनवर, कागदावर, झेरॉक्सवर, कुठंही वाचा.

दुसरं, मर्यादा. स्क्रीनवर आकड्यावर माउस नेला की "किमान इतके, कमाल इतके" असं उमटतं. कागदावर माउस कुठला न्यायचा? एसजी ५००/७ ग्रेड असेल तर त्याची आयएस १८६५ ची (आयएस म्हणजे भारतीय मानक) मर्यादा, एफजी २६० असेल तर आयएस २१० ची, अशी एक ओळ कॉलमच्या नावाखालीच पाहिजे. म्हणजे टीहेडमध्ये, दर पानावर.

तिसरं, आडवा स्क्रोल. चौदा मूलद्रव्यं स्क्रीनवर सरकवून बघता येतात. कागदावर नवव्यानंतर पान संपतं आणि पुढची पाच कुठं गेली ते कुणी विचारत नाही, कारण ती गेली हेच कळत नाही. भाऊ, तुमचं मॅग्नेशियमसुद्धा असंच कडेला पडलं नव्हतं ना?

मालकांना एवढंच विचारा: इन्स्पेक्टरनं स्क्रीन बघितली काय आणि कागद बघितला काय, त्याचा निर्णय तोच व्हायला पाहिजे की नको? दिसणं त्याच्या मागून येतं.

तांबडा_पांढरा | मंगळवार, रात्री १०.२०

ताई, नाद खुळा. माउसवाली गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती.

आडव्या स्क्रोलचं तांत्रिक कारण सांगतो. ज्या डब्यात टेबल आहे त्याला "ओव्हरफ्लो: ऑटो" असतं. कागदावर तो डबा तसाच कापला जातो. प्रिंटमध्ये "व्हिजिबल" कर. त्याच डब्याला स्क्रीनइतकी उंची बांधून दिली असेल तर अख्ख्या रिपोर्टचं एकच पान छापतं, बाकीचं गुल. आणि टेबल म्हणजे खरं टेबलच पाहिजे. आजकाल डिव्ह आणि ग्रिडनं टेबलासारखं काहीतरी रचतात, त्याचं डोकं दुसऱ्या पानावर परत येत नाही. ओळ मध्ये तुटू नये म्हणून टीआरला "ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड".

आणखी एक खड्डा. ए४ ची अख्खी रुंदी सीएसएसच्या हिशोबात सुमारे ७९४ पिक्सेल (९६ पिक्सेलचा इंच). बूटस्ट्रॅपची (तयार सीएसएसच्या संचाची) मोठ्या स्क्रीनची मांडणी ९९२ पासून सुरू होते. म्हणजे कागद त्याला टॅबलेट वाटतो, आणि शेजारी शेजारी असलेले रकाने एकाखाली एक रचले जातात. बूटस्ट्रॅप ४ नं यावर तोडगा म्हणून कागदच ए३ धरला होता आणि रुंदी ९९२ ची सक्ती केली होती. मग ते ए४ वर आणताना अक्षरं मुंगीएवढी. पाचव्या आवृत्तीत ते काढून टाकलं. तू प्रिंटची मांडणी स्क्रीनच्या रुंदीवर सोडू नकोस, मिलिमीटरमध्ये आणि पॉइंटमध्ये स्वतः लिही.

हे सगळं कागद न घालवता बघायचं असेल तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रेंडरिंगच्या टॅबखाली मीडिया "प्रिंट" कर. रंग, लपवलेली बटणं दिसतात. पानं कुठं तुटतात ते मात्र प्रिंट प्रिव्ह्यूतच.

अडत_दुकान | बुधवार, सकाळी ११.३०

टीफूटचं प्रोग्रामरला सांगितलं, झालं. काकांचं "पुढे नेले" पण घालायला सांगितलंय, दिवाणजी खूश आहेत.

एक शंका. शेतकऱ्याच्या फोनवर पट्टी दिसते तिथं १,४५,३०० असतं. आमच्या छापील पट्टीवर १४५,३००. रक्कम तीच, पण एक गृहस्थ भांडायला आले, हा आकडा कुठला म्हणून.

तांबडा_पांढरा | बुधवार, दुपारी १२.०५

दादा, फोनवर स्वल्पविराम फोनचा ब्राउझर घालतो, छापील पट्टीवर सर्व्हर. तुमच्या सर्व्हरवर जुनं नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) असणार. १३ व्या आवृत्तीआधी नोडमध्ये मुळात फक्त इंग्रजीची माहिती भरलेली असायची, भारतीय लाख-हजाराची नाही, म्हणून ते अमेरिकन पद्धतीनं तीन-तीन आकडे तोडतं. नवीन नोड घातलं की सुटेल. त्याहून बरं म्हणजे रक्कम एकाच ठिकाणी घडवून मजकूर म्हणूनच दोन्हीकडे पाठवायची. आणि भाषा "मराठी-भारत" सांगितली तर अंक आपोआप देवनागरी येतात, हे ध्यानात ठेवा, नाहीतर फोनवर एक अंक आणि कागदावर दुसरे असा नवा घोळ.

शिरोलीनाका | बुधवार, रात्री १०.३०

एकच साचा करायला घेतलाय. दोन अडचणी. सर्व्हरवर पीडीएफ केली की मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन येतात. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित. दुसरी जरा विचित्र आहे. चौकोन जावेत म्हणून एक फॉन्ट घातला, तर "शिरोली"तला श आणि ल हिंदीसारखे आले. स्क्रीनवर आपले मराठी होते.

तांबडा_पांढरा | बुधवार, रात्री १०.५५

चौकोन म्हणजे सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही. तुझ्या विंडोजवर निर्मला यूआय असतो, लिनक्सच्या सर्व्हरवर कोण ठेवणार? फॉन्टची फाइल साच्याबरोबरच दे, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, आणि दोन्हीकडे तोच. फॉन्ट वेगळा म्हणजे अक्षराची रुंदी वेगळी, रुंदी वेगळी म्हणजे ओळ वेगळ्या ठिकाणी मोडणार, ओळ मोडली की पान बदलणार. पीडीएफ काढण्याआधी फॉन्ट पूर्ण उतरेपर्यंत थांबायला सांग, नाहीतर घाईत दुसऱ्याच फॉन्टात निघतं.

श-ल चं: नोटोमध्ये दोन्ही रूपं आहेत. पानाची भाषा "एमआर" (मराठीची खूण) लिहिली असेल तर ब्राउझर मराठी रूप काढतो. स्क्रीनच्या पानावर ते लिहिलेलं असणार, पीडीएफच्या साच्यात राहिलं असणार.

खिळेजुळारी | गुरुवार, सकाळी ७.१५

आमच्याकडे मराठी श-ल आणि हिंदी श-ल वेगवेगळ्या घरात ठेवलेले असत. नवशिक्या पोरानं चुकीच्या घरात टाकले की प्रुफात सापडायचे. तुमच्याकडे प्रूफ कोण बघतं?

शिरोलीनाका | गुरुवार, सकाळी ९.४०

खरं सांगायचं तर कुणीच नाही, काका. गिऱ्हाईकच.

तांबडा_पांढरा | गुरुवार, सकाळी १०.१०

हे मशीनकडून करून घे. पाच-सहा नमुना रिपोर्ट ठरव: एक पानाचा, तीन पानांचा, चौदा कॉलमांचा, एक मर्यादेबाहेरचा. कोड बदलला की त्यांच्या पीडीएफ काढायच्या, पॉपलरच्या पीडीएफटूपीपीएमनं चित्रं करायची आणि कालच्या चित्रांशी ताडून बघायची. कॉलम गायब झाला तर ट्रक सुटायच्या आधी कळेल.

खिळेजुळारी | गुरुवार, सकाळी १०.५०

आणि एक हातानं करायची गोष्ट. रिपोर्टच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची रेघ छापा. जिथं जिथं प्रिंट निघते तिथं स्टीलची पट्टी लावून मोजा. मशीन खोटं बोलतं की नाही ते रेघ सांगते.

शिरोलीनाका | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.००

उशिरा लिहितोय, माफी.

साचा एकच झाला. कॉलमची यादी एका फाइलीत. मॅग्नेशियम त्यातून काढून बघितलं तर दोन्हीकडून गेलं, परत घातलं तर दोन्हीकडे आलं. एवढ्यावरच मी चहा पाजला सगळ्यांना. ताईंचे "जास्त" आणि "कमी" आले, मर्यादेची ओळ टीहेडमध्ये आली. चौदा कॉलम असले की पान आपोआप आडवं होतं. पानाच्या तळाला "पान २ / ३" आणि छापल्याची वेळ. क्रोम १३१ पासून हे @पेजच्या समासातच लिहिता येतं, आधी आम्ही पपेटिअरच्या फूटर साच्यात वेगळं लिहीत होतो. म्हणजे तोही तिसरा साचाच होता म्हणा.

कंट्रोल-पीचं असं केलं की कुणी मारलंच तरी तेच प्रिंटचं सीएसएस लागतं, पण वर ठळक "सर्टिफिकेट नाही, अंतर्गत प्रत" असं उमटतं. मालकांना आधी आवडलं नाही. ताईंचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा विचारला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रंग तरी ठेवा."

आता काकांची रेघ. आमच्या ऑफिसात मोजली, बरोबर १००. क्वालिटीच्या खोलीत १००. डिस्पॅचच्या खिडकीत, जिथून खरोखर कागद ट्रकमध्ये जातो, तिथं ९४ ला किंचित कमी. सर्व्हरवर ए४ लिहिलंय, ट्रेमध्ये ए४ कागद आहे, तरी ९४. काही सुचेना.

तांबडा_पांढरा | शनिवार, रात्री ९.१२

२७९ भागिले २९७ करून बघ.

शिरोलीनाका | शनिवार, रात्री ९.१५

०.९४. आयला. ड्रायव्हरमध्ये लेटर आहे, आणि वर "फिट टू पेज".

खिळेजुळारी | शनिवार, रात्री ९.४०

सोमवारी बदलून झाल्यावर परत मोजा. आणि रेघ काढून टाकू नका, प्रिंटर बदलला की लागेल.

अडत_दुकान | रविवार, सकाळी ८.०५

आमच्या पट्टीवर पण रेघ छापायला सांगितली. दिवाणजी विचारतात, ही कशाची वजावट?